कुणाच्या नावाचा गहू

जवळ सरका, मायबाप. मागे बसणाऱ्यांना विस्तवाची ऊब मिळत नाही आणि ही गोष्ट गारठ्यातली आहे. एका भ्यालेल्या माणसाची आहे. पुढे जगाने त्याला मोठा दिग्दर्शक म्हटलं.

लेआंद्रोसने चर्चचं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच थबकला. सिनेमातल्या वर्षश्राद्धासाठी त्याने गावातल्या बायकांकडे कोलिवाचं, म्हणजे उकडलेल्या गव्हाचं, एक ताट मागितलं होतं. इथे मेजभर ताटं मांडली होती. प्रत्येकावर पिठीसाखरेचा थर, त्यावर बदामांचा क्रूस, मधोमध खोवलेली मेणबत्ती.

"पोलिक्सेनीकाकू, हे काय? मी एकच सांगितलं होतं."

"सांगितलंस. कुणाच्या नावाचं ते सांगितलंस का?" म्हातारीने हात कमरेच्या फडक्याला पुसले. "बिननावाचा कोलिवा कुठे शिजतो का रे? अथेन्सला जाऊन पार बिघडलास. जिला जो आठवला, त्याच्या नावाने तिने गहू भिजवला."

"अहो, सिनेमा आहे हा. मेलेला माणूस खोटा आहे."

"गहू खरा आहे ना?"

काळ्या कपड्यांतल्या बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. ज्यांच्या नावाने गहू शिजला ते कोण, हे विचारायची त्याला गरज नव्हती. यादवीत हरलेल्या बाजूने लढताना याच डोंगरात पडलेली ती माणसं. त्यांना ना कबर, ना श्राद्ध. त्यांची नावं चर्चमध्ये घ्यायची सोय नव्हती, आणि आता तर अथेन्सच्या गादीवर लष्करातले कर्नल बसले होते.

गावचे पाद्री पापा-आंथिमोस त्याच्या कानाशी लागले. "ताटं समोर आली म्हणजे नावं घ्यावी लागतील, बाबा. नटासारखे नुसते ओठ हलवायला मला जमायचं नाही. आधीच सांगून ठेवतो."

लेआंद्रोसने मागे वळून बघितलं. कॅमेऱ्यामागे हवालदार द्रित्सास उभा होता. मंजुरीचा शिक्का असलेल्या संहितेबाहेरचा एक शब्द निघाला, तर कळवायचं, एवढंच त्याचं काम. लेआंद्रोसचा एक मित्र असाच नाटकातल्या एका वाक्यापायी बेटावरच्या कैद्यांच्या छावणीत गेला होता. त्याची बायको अजून त्याला लोकरीचे मोजे पाठवत होती. 'उचला ती ताटं,' एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी तो खिडकीशी गेला. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. बर्फ पडलं की घाट बंद, आणि सिनेमाही.

तेवढ्यात हवालदारच पुढे आला.

"साहेब, या खोक्यात आवाज भरतो का?"

कोपऱ्यात लाकडी जाळीआड आवाज टिपणारा मेनिओस बसला होता. कानांवर यंत्र, मांडीजवळ फिरायला तयार असलेली टेप. लेआंद्रोसची नजर तिकडे जाऊ पाहत होती. त्याने ती ओढून आणली.

"नाही. नुसतं चित्र येतं. आवाज आम्ही नंतर अथेन्सला भरतो."

"नक्की?"

"नक्की."

"मग करा सुरू."

कॅमेरा फिरू लागला. पापा-आंथिमोसांनी सूर लावला. काय सांगू तो सूर! भरल्या विहिरीत घागर बुडावी तसा आधी खोल गेला आणि मग जड होऊन वर आला. सुरामागून नावं आली, एकामागून एक. प्रत्येक नावाला एखादी बाई डोळे मिटत होती.

मग फरशीवर बूट वाजले. हवालदार मेजाकडे निघाला होता. संपलं, लेआंद्रोसच्या मनात आलं. 'थांबवा' म्हणायला त्याने हात उचलला, पण तो खांद्याच्या वर जाईना.

द्रित्सास कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर थांबला. त्याने टोपी काढली.

"पापा, फोतिसचंही घ्या. माझा धाकटा भाऊ. त्यांच्या बाजूने होता. वर डोंगरातच राहिला."

पाद्रीबाबांनी सूर तोडला नाही. पुढच्या श्वासात फोतिसचं नाव आलं. कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त त्याचा उघडा तळहात शिरला, आणि पोलिक्सेनीकाकूने वर न बघता स्वतःच्या ताटातला मूठभर गहू त्यावर ठेवला.

"देव त्याला क्षमा करो," ती म्हणाली. "खा."

काम आटोपल्यावर मेनिओसने लेआंद्रोसला अंगणात गाठलं. टेपचं चाक त्याने कोटाआड धरलं होतं.

"सगळं आलंय. हवालदारसुद्धा, अगदी स्वच्छ. आता लावू दे म्हणावं आपल्याला हात."

लेआंद्रोसने चाक हातात घेतलं. इतका खरा आवाज त्याला आजवर कधी मिळाला नव्हता. फाटकापाशी द्रित्सास पाठमोरा उभा राहून मिशीवरची साखर पुसत होता. आज दुपारभर जी भीती आपल्या पोटात होती, ती उद्यापासून या माणसाच्या पोटात राहील, असं लेआंद्रोसला वाटलं. अंगणात बायकांनी गहू शिजवलेली चूल अजून धुमसत होती. त्याने चाक निखाऱ्यांवर ठेवलं.

"वेड लागलंय का तुला?"

"मी त्याला नक्की म्हणालो होतो."

टेप आक्रसत गेली. काळा, घाण वासाचा धूर वर चढला. द्रित्सासने मान वळवून बघितलं, आणि लेआंद्रोसला पुन्हा भीती वाटली. ती तशी जन्मभर वाटतच राहिली.

तो सिनेमा देशोदेशी गेला. त्या प्रसंगात एकही शब्द ऐकू येत नाही. विद्वानांनी त्या शांततेवर पानंच्या पानं लिहिली. कुणी विचारलंच, तर लेआंद्रोस म्हणायचा, "आवाज नीट आला नव्हता."

तुमच्या पुढ्यात कधी ते चित्र आलं, मायबाप, तर ओठांकडे बघत बसू नका. तो तळहात दिसला की मनातल्या मनात फोतिसची आठवण काढा. त्याच्या नावाने कुणी गहू भिजवला नव्हता.