जोडवाचन

"अर्धवट सोडलेली पुस्तकं पुरी करायची, असं एक आहे," बायको म्हणाली. "आणि एक जाडजूड पुस्तकांचं. पाचशे पानांच्या वरचीच घ्यायची."

"किलोवर द्या म्हणावं," काटेवाला म्हणाला. "मी काटा लावून देतो."

ती हसली नाही. जेवणाच्या टेबलावर वाचनालयाचा कागद पसरून, पेन्सिलीचं टोक दातांत धरून ती विचार करत होती. येत्या वर्षात वाचनाची कोणकोणती आव्हानं घेणार ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तो ब्रशने आपली वजनं साफ करत बसला होता. बाजारातल्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे आणि ते खरं वजन दाखवतात की नाही ते तपासायचं, हा त्याचा धंदा. सगळा बाजार त्याला काटेवाला म्हणायचा, आणि आता तर त्याचे मेहुणेही तसंच म्हणायला लागले होते.

"जाडजूड नकोच," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "आडवं पडून वाचताना हात भरून येतात. अर्धवटवालं घेते. घरात न वाचता पडलेली पुस्तकं संपवायची, तेही घेते. बरीच साठलीत."

"आणि?"

"आणि काय? जोडवाचन. ते तर आहेच."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर म्हणजे? चष्मेवाल्यांबरोबर. दरवर्षीसारखं."

त्याने हातातलं वजन पेटीत ठेवलं आणि पेटीचं झाकण गरजेपेक्षा जरा जोरात लावलं. तिने मान वर केली नाही. ते त्याला आणखी लागलं.

जोडवाचन म्हणजे दोघांनी एकच पुस्तक आपापल्या घरी वाचायचं आणि दर शनिवारी वाचनालयाच्या मागच्या टेबलावर बसून तासभर त्यावर बोलायचं. बास, एवढंच. यात जीव जाळण्यासारखं काय आहे, असं कोणीही म्हणेल. काटेवाला स्वतःलाही तेच म्हणत असे, आणि जळत असे.

चष्मेवाला म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. विधुर, सडसडीत, वयाने काटेवाल्यापेक्षा मोठाच, पण केस सगळे जागच्या जागी. हे केसांचं काटेवाल्याला विशेष खुपायचं. तरी संशय म्हणावा तर तसं काही नव्हतं. संशय परवडला असता. बायकोला दोन शब्द सुनावून, तिचे चार ऐकून माणूस मोकळा तरी होतो.

झालं होतं ते असं. मागे एकदा ती घराची किल्ली विसरून गेली, म्हणून तो ती द्यायला वाचनालयात गेला होता. काचेच्या दारातून त्याला मागचं टेबल दिसलं. बायको बोलत होती. पुढे वाकून, टेबलावर बोट आपटत, मध्येच स्वतःचंच बोलणं खोडून काढत बोलत होती. समोरचा मनुष्य मान हलवत होता, मग नाही नाही म्हणत होता, की ही पुन्हा सुरू. घरी बोलणं म्हणजे नळ गळतोय, गोळी घेतलीत का, उद्या लवकर उठवा. रुग्णालयाच्या धुलाईखात्यात दिवसभर चादरींचे गठ्ठे लावून येणाऱ्या बाईकडे एवढं बोलायला असतं, हे त्याला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि ज्याला कळलं होतं तो चष्मे विकत होता. त्या दिवशी किल्ली दाराजवळच्या बाईंकडे ठेवून तो तसाच परतला, आणि तेव्हापासून दर शनिवारी त्याच्या पोटात दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काम टाकून तो वाचनालयात गेला. ग्रंथपालबाई पुस्तकांना कव्हरं घालत होत्या.

"मला सभासद व्हायचंय," तो म्हणाला. "आणि ते जोडवाचन. माझं नाव लिहा. माझं आणि घरच्यांचं."

"घरच्यांचं म्हणजे तुमच्या मिसेसचं? त्यांची जोडी ठरलेली असते."

"यंदाची लिहून झालीय का?"

"नाही अजून."

"मग लिहा की."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. तोही त्याच दुकानातला असणार, असं त्याच्या मनात येऊन गेलंच. "त्यांना विचारलंत का?"

"नवरा-बायकोत विचारायचं काय त्यात?"

"एकदा लिहिलं की बदलायला दोघांनी मिळून यावं लागतं बरं का. एकट्याचं चालत नाही."

"बदलतंय कोण," तो म्हणाला. बाहेर पडताना तो चक्क शीळ घालत होता. रस्त्यात चष्म्याचं दुकान लागलं, तेव्हा आत न बघता पुढे जाणं काही त्याला जमलं नाही.

शनिवारी ती परत आली तेव्हा तो भांडणाची तयारी करून बसला होता. तिने चपला काढल्या, पिशवीतून एका पुस्तकाच्या दोन प्रती काढल्या आणि एक त्याच्यापुढे ठेवली.

"पहिलं पुस्तक," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारपर्यंत तीन प्रकरणं."

"रागावलीस?"

"रागावून काय होणारेय. नाव लिहून झालंय ना?" ती आत गेली. थोड्या वेळाने आतून भांड्यांचा आवाज आला. नेहमीपेक्षा मोठा नाही की लहान नाही, म्हणून त्याला त्यावरून काहीच ताडता येईना.

पण वाचायला त्याने मान मोडून वाचलं. शाळा सुटल्यापासून त्याने यंत्रांच्या माहितीपत्रकांपलीकडे फारसं काही वाचलं नव्हतं. गोष्ट होती एका म्हाताऱ्या बाईची. ती बंदरावर खानावळ चालवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की माझा मुलगा उद्या येणार आहे. काटेवाल्याने तीनही प्रकरणं दोन-दोनदा वाचली. एखादा काटा तपासायला घ्यावा तसं पुस्तक हातात घेतलं आणि कुठे किती फरक पडतो ते बघितलं. एका जागी म्हातारी म्हणते मुलगा बोटीवर आहे, दुसऱ्या जागी म्हणते गिरणीत आहे. सापडलीस, तो मनात म्हणाला. आता येऊ दे शनिवार.

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मागच्या टेबलावर आजवर चष्मेवाला बसायचा त्या खुर्चीत बसला आणि खुर्ची जरा डुगडुगते हे त्याच्या लगेच लक्षात आलं. चष्मेवाला खिडकीजवळच्या टेबलावर एकटाच वाचत होता. दोघांना पाहून त्याने हसून मान लववली. काटेवाल्याने मोठ्या मनाने तीच परत केली.

"कशी वाटली तुम्हाला म्हातारी?" बायकोने विचारलं.

"दोनदा खोटं बोलली," तो तयारच होता. "आधी मुलगा बोटीवर, मग गिरणीत. म्हणजे मुलगा येणार नाही. माझ्या मते मुलगा नाहीच."

"बरं. पण का बोलत असेल ती तसं?"

"का म्हणजे? खोटारडी आहे."

"आणि तो खलाशी? तिचं खोटं कळलं तरी रोज ऐकून घेतो तो?"

त्याने आठवून पाहिलं. खलाशी होता खरा. सूप पितो आणि जातो. "बरोबर आहे," तो म्हणाला.

"काय बरोबर आहे?"

"हेच. खलाशी. त्याचं बरोबर आहे."

ती वाट बघत राहिली. मग तिने वाऱ्याचं वर्णन आहे त्या पानाबद्दल विचारलं. तेही त्याला बरोबर वाटलं होतं. त्याच्या धंद्यात काटा एक तर बरोबर असतो नाही तर चूक, आणि बरोबर निघाला की पुढे बोलायचं काही उरत नाही, पैसे घ्यायचे आणि पुढच्या दुकानात जायचं. ती आणखी एकदोन गोष्टी बोलली, हळू आवाजात, एखाद्या पाहुण्याशी बोलावं तशी. बोट आपटलं नाही, की पुढे वाकली नाही. मग तिने पुस्तक मिटलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अर्धा तासही झाला नव्हता.

"घरी जायचं का?" ती म्हणाली. "जाताना दूध घ्यायचंय."

काटेवाल्याला जागा मिळाली होती, खुर्ची मिळाली होती, तासही मिळाला होता. ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा केला ते बोलणं मात्र तिने घरीच ठेवलं होतं, नाही तर खिडकीपाशी.

"त्याच्याशी कशी बोलतेस मग तू?" त्याने विचारलं. रागाने विचारायचं होतं, पण आवाज तसा निघाला नाही.

"त्यांच्याशी मी भांडते," ती म्हणाली. "ते भांडण टेबलावरच राहतं. उठलं की संपलं. तुमच्याशी भांडले तर ते घरी न्यावं लागतं. रात्री उशाला येऊन बसतं. मग मी बोलतच नाही."

"मला वाटलं तुझ्याकडे बोलायला काही नसतं."

"असतं की," ती म्हणाली. "पण हा एक तास मला घरचा नको होता. तुमचं काही चुकलं म्हणून नाही. नको होता, एवढंच. आणि तुम्ही विचारलंही नाहीत."

असं तिने सरळ, आवाज न चढवता सांगितलं. त्यापेक्षा तिने आदळआपट केली असती तर बरं, असं त्याला वाटलं. तो उठला आणि खिडकीजवळच्या टेबलापाशी गेला. चष्मेवाल्याच्या हातात तेच पुस्तक होतं. म्हातारीचंच. जोडी नसताना, कोणाशी बोलायचं नसताना तो ते वाचत बसला होता. ते बघून काटेवाल्याचा पुन्हा एकदा तिळपापड झाला.

"कुठवर आलं?" त्याने विचारलं.

"तिसरं प्रकरण. सवयीनं घेतलं हो," चष्मेवाला ओशाळून म्हणाला. "तुमच्यात काही ढवळाढवळ नाही."

"तुम्ही बसता का तिच्याबरोबर? वर्षभर."

चष्मेवाल्याने पुस्तक खाली ठेवलं. "त्या काय म्हणतात?"

म्हणजे यालासुद्धा विचारायचं सुचतं. काटेवाला दातओठ खात मागे वळला. बायको त्याच्याकडेच बघत होती. "बसशील का यांच्याबरोबर?" त्याने तिथूनच विचारलं, आणि सगळ्या वाचनालयाने माना वर केल्या. ती लाजली, पण हो म्हणाली.

मग नवरा-बायको मिळून ग्रंथपालबाईंसमोर उभे राहिले. बाईंनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मोडायची म्हणता?"

"मोडायची," तो म्हणाला.

"नक्की?"

"हो," बायको म्हणाली, आणि मग त्याच्या बाहीला हात लावून हळूच म्हणाली, "तुम्ही जा हवं तर घरी. दूध मी आणते."

"बसतो इथेच."

तो खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलाशी बसला. मागच्या टेबलावर पहिली काही मिनिटं नुसतीच कुजबुज चालली. मग चष्मेवाला काहीतरी म्हणाला, आणि बायकोचा आवाज वर आला. "खोटं कसलं? रोज एकाच गोष्टीची वाट बघून बघा तुम्ही. बोट काय आणि गिरणी काय, तिला तो कुठे का असेना, आहे एवढंच हवंय." पाठोपाठ बोट टेबलावर आपटल्याचा आवाज.

काटेवाल्याने पुस्तक उघडून ते पान काढलं. म्हातारी सांगत होती, माझा मुलगा गिरणीत आहे. ओळ तीच होती, त्याने दोनदा वाचलेली. तो ती पुन्हा वाचू लागला, पोटातलं दुखणं तसंच असताना. मध्ये बायको पुढे वाकून एकदम हळू बोलायला लागली. ते त्याला ऐकू येईना, म्हणून त्याने आवाज न करता आपली खुर्ची जरा मागच्या टेबलाकडे सरकवली.