तीन खरी वाक्यं

सोमवारी सकाळी पावणेदहाला तपासनीसबाईने तिसऱ्या टाकीच्या पाण्यात तपासणीची गोळी टाकली, नळी हलवली आणि वाट पाहिली. पाण्यात क्लोरीन असलं की नळी गुलाबी होते. ही झाली नाही. तिने दुसऱ्या बाटलीतलं पाणी घेऊन पुन्हा करून पाहिलं. तेच. मग प्रयोगशाळेच्या नळाचं पाणी घेतलं, ते पहिल्या टाकीवरून येतं. त्यात त्याच पाकिटातली गोळी टाकली, तर ते लगेच गुलाबी झालं. म्हणजे गोळ्या ठीक होत्या, टाकी ठीक नव्हती. तिने वहीत वेळ घातली आणि पुढे ‘शून्य’ लिहिलं.

तिसऱ्या टाकीचा व्हॉल्व्ह रोज पावणेअकराला उघडतो आणि ते पाणी शहराच्या पूर्वेकडच्या चार हजार घरांत जातं. आज उघडू नका, असं सांगायचा अधिकार एकट्या पुरवठा अभियंत्याला. तिने त्याला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला: दहाची ऑनलाइन मीटिंग! साहेबांचा मोबाइल एव्हाना खणात गेला असणार.

हा खणाचा नियम उत्साहबाईंचा. खात्यात त्यांचं पद ‘कर्मचारी कल्याण अधिकारी’ असं लांबलचक होतं, पण मीटर विभागातल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं बारसं केलं आणि तेच नाव चिकटलं. खात्याची कार्यालयं चार ठिकाणी, माणसं एकमेकांना पडद्यावरच भेटायची. त्यामुळे मनं जुळत नाहीत, असा शोध या बाईंनी लावला होता. मनं जुळवायला दर सोमवारी नावाला पंधरा मिनिटांचा खेळ. आधी प्रत्येकाने मोबाइल बंद करून खणात टाकायचा आणि खण लावताना कॅमेऱ्याला दाखवायचा. वीस-बावीस शिकलेली माणसं पडद्यावर ओळीने खण उघडून लावताहेत, हे दृश्य तपासनीसबाईला दर आठवड्याला नव्याने बघवत नसे.

ती मीटिंगमध्ये शिरली तेव्हा भाज्या चालू होत्या.

“तुम्ही भाजी असता तर कोणती असता?” उत्साहबाई विचारत होत्या. “सुचेल ते बोला, लाजू नका!”

“ढोबळी मिरची,” अभियंता म्हणाला. “दिसायला भारदस्त, पण तिखट नाही.”

टाळ्यांची चित्रं पडद्यावर उडाली. या माणसाच्या सहीने निम्म्या शहराचे नळ चालतात.

“काका, तुम्ही?”

“मी निवृत्तीला आठ महिने राहिलेला माणूस आहे,” मीटरवाले काका म्हणाले. “भाजी नाही.”

“काका किती गोड आहेत!”

तपासनीसबाईने माइक चालू करायचा प्रयत्न केला. होईना. ज्याची पाळी त्याचाच माइक चालू, बाकीच्यांच्या चाव्या उत्साहबाईंच्या हातात. तिने लिहिलं: ‘साहेब, तातडीचं. टाकी ३ मध्ये क्लोरीन शून्य. व्हॉल्व्ह उघडू नये.’ तो संदेश दोन सेकंद दिसला. मग त्यावर एकवीस जणांच्या एकवीस वांग्या-टोमॅटोंची रास पडली. तिने पुन्हा लिहिलं. या वेळी उत्तर आलं, उत्साहबाईंचं: ‘कामाचं नंतर गं! आधी मस्त मोकळे होऊ या!’ पुढे हसरा चेहरा.

दहा वीस. भाज्या संपल्या.

“आता आजचा खास खेळ,” उत्साहबाई म्हणाल्या. “प्रत्येकाने तीन वाक्यं सांगायची. दोन खरी, एक खोटं. बाकीच्यांनी मत द्यायचं, खोटं कुठलं ते. किती सोप्पंय की नाही?”

भांडारप्रमुख म्हणाला, मला पोहता येतं, मला जुळ्या मुली आहेत, मी कधीच विमानात बसलो नाही. यावर सहा मिनिटं गेली. अभियंत्याने भांडारप्रमुखाला पोहता येणार नाही असं मत दिलं, ते चुकलं, आणि तो मांडीवर थाप मारून हसला. पोरकटपणा माणसाला किती शोभत नाही याचं मोजमाप करायचं यंत्र असतं तर त्याचा काटा इथे तुटला असता, असं तपासनीसबाईला वाटलं. दहा सव्वीस, दहा एकोणतीस. खालच्या मजल्यावर धावत जाऊन उपयोग नव्हता. अभियंता सात किलोमीटरवर बसला होता.

“आता आपल्या प्रयोगशाळेची पाळी!”

माइक चालू झाला. तिने घसा खाकरलासुद्धा नाही.

“एक. तिसऱ्या टाकीत आज क्लोरीन शून्य आहे, दोनदा तपासलंय. दोन. तिचा व्हॉल्व्ह पावणेअकराला उघडणार आहे. तीन. साहेब, तुम्ही आत्ताच्या आत्ता फोन करून तो थांबवायला हवा.”

 उत्साहबाईंनी टाळी वाजवून उडीच मारली.

“वा! कामातूनच वाक्यं! अशी कल्पकता हवी! चला, मतं द्या, कुठलं खोटं?”

“अहो मतं काय—”

माइक बंद. पडद्यावर रंगीत वर्तुळ उमटलं. सतरा जणांच्या मते पहिलं वाक्य खोटं होतं. अभियंताही त्यांत होता. तो हात हलवत काहीतरी म्हणत होता. ओठांवरून ‘घाबरवलंत की हो मॅडम’ असं काहीसं वाटलं. काकांनी मत दिलं नव्हतं. ते पडद्याकडे वाकून बघत होते आणि खणाला हात घालत होते.

“सांग आता, बरोबर उत्तर काय?” माइक पुन्हा चालू झाला.

“तिन्ही खरी आहेत.”

उत्साहबाईंचा चेहरा पडला. “अगं, पण मग नियम मोडलास तू. एक खोटं हवंच. असं केलं तर खेळाला अर्थ काय राहिला? शून्य गुण हं. पुढचे कोण?”

तपासनीसबाईने लॅपटॉप मिटला. आपलाही मोबाइल आपण शहाण्यासारखा खणात ठेवलाय, हे लक्षात आल्यावर तिला त्या सगळ्यांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. दहा सदतीसला तिने खण उघडला आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या मामांना फोन लावला.

“मामा, तीन नंबर उघडू नका. पाण्यात औषध नाहीये.”

“साहेबांनी सांगितलं?”

“साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

“मग ताई, मी कसा बंद ठेवू? उद्या माझ्यावर आलं तर?”

“माझं नाव सांगा. मी वहीत लिहून सही करते.”

पलीकडे मामांनी किल्ली खाली ठेवल्याचा लोखंडी आवाज आला. “वेळ पण घाला,” ते म्हणाले. “सही बिनवेळेची नको.”

तोवर मीटरवाल्या काकांनी खणातून मोबाइल काढून टाकीवर माणूस धाडला होता. अकराला मामांचाच फोन आला. मागे गलका होता.

“ताई, पन्नास बायका बादल्या घेऊन उभ्यात. मला काय काय बोलतायत ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्हीच ऐका.”

त्यांनी फोन पुढे धरला. तपासनीसबाईने ऐकलं. एकीच्या घरी तान्हं बाळ होतं, एकीला दहा पंचावन्नच्या बसने कामाला जायचं होतं आणि ती बस गेली होती, एक नुसतीच खात्याचा उद्धार करत होती, अगदी मुद्देसूद. सकाळपासून तिच्या कानावर पडलेलं हे पहिलं शहाण्या माणसांचं बोलणं होतं.

“पाणी खराब आहे म्हणून थांबवलंय,” ती ओरडून म्हणाली. “टाकीत औषध टाकायला माणूस गेलाय. मी परत तपासेन, दोन वाजता सोडू. तोवर भरून ठेवलेलंसुद्धा उकळून प्या.”

“तू कोण?” एका वयस्क बाईचा आवाज आला.

“पाणी तपासणारी.”

“कधी कळलं तुला खराब आहे म्हणून?”

“पावणेदहाला.”

“मग सव्वा तास काय करत होता तुम्ही लोक?”

तपासनीसबाईने तोंड उघडलं. खरं उत्तर ‘खेळत होतो’ एवढंच होतं आणि ते त्या बाईला सांगायची तिची हिंमत झाली नाही.

“मीटिंग होती,” ती म्हणाली.

“हं,” बाई म्हणाली, आणि फोन मामांच्या हातात परत कोंबला.