पट्टा धरलेलं मनगट

आश्विनातली संध्याकाळ. हिरव्याकंच, दूरविस्तीर्ण गवतावर शेवटचं सोनं सांडत सूर्य डोंगराआड कलत होता. तळ्याचं जळ निश्चल होतं, पाणवनस्पतींच्या कडा ताम्रवर्ण झाल्या होत्या. गोल्फच्या त्या अफाट मैदानावर माणसं अशी दोनच होती: सखाहरी गायधनी आणि त्याची बायको गयाबाई.

सोमवार होता. सोमवारी मैदान साहेबलोकांना बंद, आणि त्यांच्या पिशव्या वाहणाऱ्या कॅडींना खुलं. सहा दिवस ओझं, एक दिवस खेळ. सखाहरीला साठ भरली होती. उद्या कॅडीचा बिल्ला परत द्यायचा, आणि बिल्ल्याबरोबर सोमवारही जायचा.

चाळीस वर्षांत सातव्या होलच्या, म्हणजे सातव्या खळीच्या, वाटेत आडवं पडलेलं हे तळं त्याच्या चेंडूनं एकदाही ओलांडलं नव्हतं. एवढी एकच इच्छा मागं उरली होती. म्हटली तर पोरकट, म्हटली तर जन्माची. म्हणून तर आज पहिल्यांदा त्यानं गयाबाईला बरोबर आणलं होतं.

विद्या नव्हती असं नाही. कित्येक साहेबांना त्यानं हलक्या आवाजात सांगितलं होतं, की चेंडू उचलायला जाऊ नका. डावं मनगट सपाट ठेवा, हात चेंडूच्या पुढं जाऊ द्या, चेंडू आपला आपण उठतो. खऱ्या फटक्यात आधी चेंडू, मग माती. मातीसकट उडणारी गवताची ढलपी चेंडूच्या पुढं निघते. साहेबांच्या ढलप्या पुढं निघू लागल्या, त्याची मात्र मागंच निघत राहिली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून तो दर सोमवारी स्वतःवरच हसे. आज हसूही दमलं होतं.

बरोबर आणलेल्या तीन चेंडूंपैकी पहिला त्यानं ठेवला. काठी वर गेली, खाली आली, आणि ऐन क्षणी डावं मनगट मागं दुमडलं. माती उडाली. जळावर वर्तुळं उमटली, विस्तारली, विरली. दुसऱ्या वेळी तेच. पुन्हा वर्तुळं, पुन्हा ती मंद, उदासीन शांतता.

एक चेंडू उरला. सखाहरी गवतात खालीच बसला. पाय थकले होते, पाठ थकली होती, आणि या सगळ्याहून जास्त थकली होती ती आशा. नको आता, जाऊ घरी, असं तो म्हणालासुद्धा.

गयाबाईला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ते मनगट तिला ठाऊक होतं. वर्षानुवर्षं तिनं त्याला तेल चोळलं होतं. तिनं त्याचा डावा हात मांडीवर घेतला. खांद्याशी पिशवीचा पट्टा धरताना हात जसा मागं दुमडतो, तसाच तो रिकामा हात दुमडलेला होता. झोपेतही तो असाच खांद्याशी जाई.

"अहो, ह्यो हात अजून पट्टा धरूनच हाय," ती म्हणाली. "पिशवी कवाच उतरली. सोडा आता."

सखाहरीनं खांद्याकडे पाहिलं. तिथं काही नव्हतं. परक्यांच्या काठ्या, परक्यांच्या छत्र्या, परक्यांचं पिण्याचं पाणी. सगळं कधीच उतरलं होतं, आणि हाताला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला रडू आलं. ते त्यानं लपवलंही नाही.

गयाबाईनं दोन्ही तळव्यांमध्ये मनगट धरून हळूहळू सरळ केलं, भाकरीचा काठ दाबावा तसं. तो उठला. ती सपाटी जपत, काही न उचलता, काही न पेलता त्यानं काठी फिरवली.

कोरडा, लहानसा, स्वच्छ आवाज झाला. चेंडू आधी खालून निघाला, मग आपला आपण उठला, सुवर्णजळावरून शुभ्र, नीरव गेला, आणि पलीकडच्या गवतात जाऊन थांबला.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

मग त्यानं खाली पाहिलं. ढलपी चार बोटं पुढं निघाली होती. सवयीनं तो गेला, ती उचलली, मातीच्या ओल्या जखमेवर ठेवली आणि पायानं दाबली. चाळीस वर्षं त्यानं लोकांनी केलेल्या जखमा अशाच बुजवल्या होत्या. ही त्याची होती. तो दाबत राहिला, हळू, अगदी हळू. उजेड गवतावरून उतरत गेला, आणि त्याचा डावा हात अंगालगत सरळ, मोकळा लोंबत राहिला.