मामाने दिलेला हाल

मित्रांनो, मी एक जुनी हातकडी आहे. बलुचिस्तानात, तुर्बतच्या कोर्टामागे एका खोलीत खिळ्याला टांगलेली. माझे नाव निघाले की कुणाला बरे वाटत नाही, याचे मला वाईट वाटते. लोहाराने मला दोन कडी दिली, एक कैद्याचे आणि एक शिपायाचे. कुलूप लागले की दोघेही अडकतात, पण हे शिपायांच्या लक्षात येत नाही.

शंबे शिपाई मला नेमाने तेल घालायचा. "ही कुरकुरली तर साहेब माझ्यावर कुरकुरतील," म्हणायचा. एवढी माया मला पुन्हा कुणी केली नाही.

एका उन्हाळ्यात त्याच्या मनगटाला मी एक माणूस बांधला. सरकार म्हणे, हा मीरान, बलुचांचा वेगळा मुलूख मागणाऱ्या बंडखोरांचा म्होरक्या. पोलीस चौकी यानेच उडवली. त्या चौकीत शंबेचा मेहुणा मेला होता. तो माणूस म्हणे, मी करीमदाद, मेंढपाळ. मीरानचा फोटो कुणाकडेच नव्हता. मीरान ठरला तर फाशी, करीमदाद ठरला तर सुटका.

"काय मेंढपाळा, शेळीची धार कशी काढतात?" शंबे टोचायचा.

"शेळी आणा, दाखवतो. तुमच्याशी बोलून दूध निघायचं नाही."

सरकारी वकिलाने डोंगरातून मीरानचा म्हातारा मामा, पीरक, याला साक्षीला आणले. मामाने कैद्याला नीट निरखले आणि मान हलवली. "हा आमचा नाही." मला हायसे वाटले.

जेवणाच्या सुट्टीत मामा व्हरांड्यात आमच्याशेजारी टेकला. आमच्याकडे लांबून आलेल्याला पाणी दिले की हाल, म्हणजे घरची-गावची खबर, विचारतात, आणि हाल देणारा काही लपवत नाही. मयताची खबर तर नाहीच नाही. कैद्याने सवयीने विचारले, "हाल द्या, मामा."

मामाही सवयीनेच सुरू झाला. "पाऊस नाही. खजूर बारीक राहिला. लाल उंटीण व्याली." मग तो थांबला. "तुझी आई रमझानात गेली. खांदा द्यायला जावई होते."

शंबेने सगळे ऐकले होते.

कोर्ट पुन्हा भरले. कैद्याचे लाल डोळे पाहून वकिलाने शंबेलाच विचारले, "म्हातारा याला काय म्हणाला?" मेहुण्याचा सूड एका वाक्यावर आला होता. पण दुसऱ्याच्या घरचा हाल भर कोर्टात सांगायला शंबेची जीभ उचलेना.

"त्याला कशाला पेचात टाकता?" कैदी म्हणाला. "मीच मीरान. माझी आई गेली. मी करीमदादच राहिलो तर तिच्या नावाचा फातिहा, मयताची दुआ, कोण पढणार?"

"गप बस, पोरा," मामा मागून पुटपुटला. तोवर उशीर झाला होता.

फाशीची शिक्षा झाली. मीरानने एकच मागितले, फातिहाला दोन्ही तळहात वर धरावे लागतात, तेवढ्यापुरती हातकडी काढा. जज्जसाहेब म्हणाले, नियमात बसत नाही. तेव्हा त्याने माझ्यासकट दोन्ही तळहात वर धरले. शंबेचा बांधलेला हातही वर ओढला गेला. शंबेने तो खाली घेतला नाही. एक हात माझ्यामुळे वर गेला होता, दुसरा त्याने स्वतः उचलला.

मीरानला फाशी दिल्यावर शंबेने नोकरी सोडली. आता मला तेल मिळत नाही, माझी दोन्ही कडी गंजून मिटली आहेत. मित्रांनो, हातकडी लागतच असेल तर ठेवा, पण तिला तेल घाला आणि किल्ली जवळ बाळगा. कुणाला कधी दोन्ही हात मोकळे लागतील, सांगता येत नाही.