गार्लंडचं कुलूप

गार्लंडने घळीत उतरणाऱ्या रस्त्यावरच्या फाटकाला कुलूप घातलं, तेव्हा ऑर्ला आत्याने संतापून माझी टोपी जमिनीवर आपटली. तिची स्वतःची नवी होती.

आमच्या कुरणातलं तळं आटून चिखलाची पापडी झाली होती. आता गाईंना पाणी एकच, घळीच्या तळाशी वाहणारा ओढा. आणि खाली उतरायला वाट एकच, तो खडीचा रस्ता. पणजोबांपासून सगळ्यांची गुरं त्याच वाटेने उतरली. गार्लंडने डेन्व्हरहून येऊन घळ विकत घेतली आणि शांतता हवी म्हणून साखळी लावली. मोंटानात त्याला शांतता कमी पडत होती!

वकील म्हणाला, तारीख पडेल. गाईंना तहान आजच लागली होती.

"साखळी कापू या," मी म्हटलं.

"हात तर लावून बघ!" आत्या कडाडली. "फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. आपण काय डेन्व्हरचे आहोत?"

मग ती फाटकाकडे तोंड करून उभी राहिली. आमच्याकडे हद्दीच्या कुंपणाच्या मधोमध शेजाऱ्यासमोर असं उभं राहिलं की उजव्या हाताचं निम्मं कुंपण आपलं, डावीकडचं त्याचं. आत्याने शपथ घेतल्यासारखा उजवा हात वर केला.

"हे माझं. उपट."

दुपारपर्यंत मी तारा गुंडाळल्या, खांब उपटले. माळावर कुलूपबंद फाटक उभं आणि शेजारी मालगाडी आडवी जाईल एवढं खिंडार.

गाई आल्या. पुढे म्हातारी डोलोरेस. ती फाटकासमोर येऊन थांबली. मागे अख्खा कळप थांबला.

"अगं भवाने, इकडून!" आत्या ओरडली.

डोलोरेस जन्मभर फाटकातून गेलेली. भिंत फोडून घरात शिरायला सांगावं, तशी तिने आमच्याकडे नजर टाकली. वासरं तहानेने हंबरत होती. मी ढकललं, शेपूट पिरगाळलं. आत्याने माझी टोपी पुन्हा आपटली.

तेवढ्यात घळीतून धुरळा उडवत पांढरी पिकअप वर आली. गार्लंड लालबुंद होऊन उतरला.

"माझं कुंपण कुठंय?" तो ओरडला, आणि आमच्या अंगावर यायला त्याने आधी किल्ली काढून कुलूप उघडलं, मग फाटक. शेजारी खिंडार होतं. पण स्वतःचं फाटक म्हटलं की माणूस तेवढा मान ठेवतोच.

डोलोरेस त्याच्या पोटाला घासून आत गेली. मग सगळ्याच गेल्या.

"अडवा त्यांना! फाटक लावा!" पिकअपच्या टपावर चढून गार्लंड किंचाळला.

"आम्हाला ते उघडं दिसलंय, गार्लंड," आत्या दातओठ खात म्हणाली. "उघडंच राहील. हात तर लावून बघा."