हळद, कुंकू, पान

वेंकटरत्नम गारू, म्हणजे आपल्याकडचे वेंकटरत्नमराव, आंध्रातल्या एका दूध संघाचे चेअरमन झाले आणि पहिला हुकूम सुटला तो रंगांचा. बैठकीत पडद्यावर दिसणारा दूध संकलन केंद्रांचा तक्ता म्हणे संघाच्या चिन्हाच्या रंगांत हवा. ऑफिसातल्या प्रसूनाने कंप्युटरवर रंगांचा संच उघडला. पहिल्या जागी पिवळा होता, दुसऱ्या जागी हिरवा, तिसऱ्या जागी लाल. मागे उभे राहून चेअरमनांनी क्रम सांगितला: आधी हळद, मग कुंकू, मग विड्याचं पान. शुभाचा क्रम मोडायचा नाही. तिने तसे रंग भरले, सेव्ह केले आणि जेवायला गेली.

तक्त्यातली प्रत्येक चौकट त्या संचातल्या एका जागेला बांधलेली असते, जागेचा रंग बदलला की चौकटीचाही बदलतो, हे घाईत तिच्या ध्यानातून गेलं.

संघात हिरवं म्हणजे नफा, लाल म्हणजे तोटा, पिवळं म्हणजे चालतंय तसं. आकडे वाचायचे कष्ट कोणी घेत नसे. त्या दिवशी बैठकीत पडद्यावर पिवळ्याच्या गर्दीत एकच लाल दिसलं, गोल्लगुडेम. आणि एकच हिरवं, कोत्तपालेम, म्हणजे खुद्द चेअरमनांचं गाव.

"गोल्लगुडेम बंद करा," चेअरमन म्हणाले. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. गोल्लगुडेमचं केंद्र चालवणारे पोतय्या गारू उठले, ओठ हलले, आणि परत बसले. मोठ्यांना भर बैठकीत खोटं पाडायचं नाही, असा माणूस तो.

गोल्लगुडेम मागच्या बैठकीपर्यंत हिरवं होतं, हे प्रसूनाला आठवलं. संघातलं सगळ्यात चांगलं केंद्र तिच्या रंगांपायी बुडत होतं. तिची नोकरी कंत्राटी, सही चेअरमनांची. मूग गिळून बसणं सोपं होतं. पण तिला राग आला, आधी स्वतःचा, मग त्या डोलणाऱ्या मानांचा.

"चेअरमन गारू, चूक रंगांची आहे, दुधाची नाही. जुने रंग लावून दाखवते."

तिने लावले. गोल्लगुडेम हिरवं झालं. कोत्तपालेम लालभडक.

मग पडद्याकडे कोणी बघेना. एकाला कॉफीत काहीतरी पडल्यासारखं वाटलं, दुसरा फोन चाचपू लागला. चेअरमन म्हणाले, "नवे रंगच बरे होते, अम्मा. तेच राहू दे."

"बरं," प्रसूना म्हणाली. "इतिवृत्तात बंद करायच्या केंद्राचं नाव लिहायचंय. कुठले रंग बघून लिहू?"