काशीला सोडलेली कॉफी

मनमोहनरावांनी समोर आलेला कॉफीचा पेला वाटीसकट उचलला आणि शेजारी बसलेल्या पाहुणीपुढे ठेवला. दर रविवारी ठेवायचे तसाच, न बोलता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला विहंग याचीच वाट बघत होता.

“पाहिलंत? माझे पपा कॉफी घेत नाहीत,” तो म्हणाला. “त्याच्यामागे एक स्टोरी आहे.”

सहाही पाहुण्यांच्या माना मनमोहनरावांकडे वळल्या. मनमोहनरावांची मान खिडकीकडे वळली. ही गोष्ट सुरू झाली की ती संपेपर्यंत बाहेर बघत राहायचं, एवढी सोय त्यांनी स्वतःपुरती करून घेतली होती. बाहेर दादरचा रविवार होता. समोरच्या दुकानातला माणूस शटरला तेल घालत होता.

विहंग त्यांचा एकुलता एक मुलगा. बँकेतली चांगली नोकरी सोडून गेली पाच वर्षं तो बाहेरगावच्या लोकांना मुंबई खायला घालत हिंडवायचा. सुरुवात ठाकूरद्वारला, त्यांच्या स्वतःच्या घरी. पाठारे प्रभूंच्या घरचं कोबी-कोळंबीचं भानोलं लोकांनी ऐकलेलं नसतं, ते ओव्हनमधून निघताना बघायचं आणि उभ्या उभ्या खायचं. मग गिरगावात थालीपीठ आणि पियूष. मग टॅक्सीने लालबाग, तिथे मसाल्याच्या गल्लीत ठसका लागेपर्यंत उभं राहायचं आणि एका मालवणी बाईंच्या हातचे घावणे खायचे. शेवटी अकराच्या सुमारास दादरला ही फिल्टर कॉफी. त्याची आई, वासंती, गेल्यापासून विहंग वडिलांनाही बरोबर घ्यायचा. घरात एकटे बसू नयेत म्हणून घेतो, असं तो नातेवाइकांना सांगे. ते खरंही होतं. पण तीन-चार रविवारांत वडील कार्यक्रमातच सामील झाले, भानोल्यासारखे.

“आई-पपा सगळीकडे फिरले,” विहंग सांगत होता. “म्हैसूर, कुंभकोणम, कलकत्ता, चिकमगळूर. कुठल्याही गावात उतरलं की आधी कॉफी, मग देव. आई म्हणायची, देवळं पळून जात नाहीत, इडल्या संपतात. जानेवारीत आई गेली. आम्ही अस्थी घेऊन काशीला गेलो. आता, काशीला गेलं की आपली एक आवडती गोष्ट कायमची सोडायची असते. लोक काय सोडतात? कारलं सोडतात, दुधी सोडतात. माझ्या काकाने तर एरंडेल सोडलं.”

पाहुणे हसले. इथे हसतातच.

“पपांनी कॉफी सोडली,” विहंग म्हणाला आणि थांबला. कुठे थांबायचं, हे त्याला बरोबर कळायचं. “गुरुजींनी विचारलं, आणि पपांनी एक सेकंद विचार केला नाही. जिच्याबरोबर चाळीस वर्षं कॉफी प्यायले, ती गेली. मग कॉफी कशाला?”

बंगळूरहून आलेल्या मुलीने चष्मा काढून डोळे पुसले. तिच्या नवऱ्याने मनमोहनरावांना हात जोडले. मनमोहनरावांनीही जोडले.

गोष्ट चांगली होती. अडचण एवढीच होती की तिच्यातला मनमोहन त्यांच्या ओळखीचा नव्हता.

वासंती परळच्या हॉस्पिटलात तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा मनमोहनरावांनी मान हलवली आणि भूक लागली म्हणून खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले. चवीने नाही, पण दोन्ही संपवले. त्यानंतर लोक आले, रडले, गेले. त्यांनी प्रत्येकाला पाणी विचारलं. आता येईल रडू, मग येईल, अशी त्यांनी काही आठवडे वाट पाहिली, आणि पुढे वाट बघायचंही राहून गेलं. खाणं-पिणं नीट चालू होतं. तिखट तिखट लागायचं, गोड गोड लागायचं. फक्त त्याचं पुढे काही व्हायचं नाही. वासंतीचा फोटो बघितला की फोटो दिसायचा.

आणि काशीला तर त्यांनी काही ठरवलंच नव्हतं. विधी संपत आले होते, गुरुजी तांब्या आणायला गेले होते. परत आले तेव्हा मनमोहनरावांच्या हातात कॉफीचा कुल्हड होता. तो त्यांनी कधी आणि कुठून घेतला, हेही त्यांना धड आठवत नव्हतं. गुरुजी, तिथलेच मराठी, वैतागून म्हणाले, अहो, विधीत कॉफी कसली? मग म्हणाले, बरं, काय सोडताय ते सांगा. मनमोहनरावांनी हातातला कुल्हड पुढे केला. तेवढ्यावर कॉफी सुटली. मुंबईला परत येईपर्यंत त्याची गोष्ट झाली, आणि बाराव्या-तेराव्याला त्यांच्याकडे फारसं न बघणारी माणसंही पायाला हात लावू लागली.

लबाडीची त्यांना चीड होती. आयुष्यभर विमा कंपनीत खोटे दावे शोधण्यात गेलेला माणूस तो. आणि आता दर रविवारी त्यांच्याच नावाचा एक खोटा दावा सहा-सात अनोळखी लोकांपुढे पास होत होता. विहंगला हे सांगायला हवं होतं, पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. तुझी आई गेली आणि मला काही झालं नाही, हे वाक्य मुलाला कसं सांगायचं? आई तर गेलीच होती त्याची. हे ऐकल्यावर बापही मनातून उतरला तर मग त्याचं कोण राहिलं, या विचाराने ते नऊ महिने गप्प होते. आज मात्र त्या मुलीचे पुसलेले डोळे त्यांना सहन झाले नाहीत.

कॉफी झाल्यावर विहंग पाहुण्यांना बिया दळायचं यंत्र दाखवायला काउंटरपाशी घेऊन गेला. मागे राहिल्या त्या कोल्हापूरच्या मालनताई, निवृत्त मुख्याध्यापिका. लालबागपासून त्यांचे गुडघे बोलत होते. मनमोहनरावांनी सरकवलेला पेलाही त्यांनीच संपवला होता.

“एक विचारू का?” त्या म्हणाल्या. “राग मानू नका. आमच्या नणंदेनं काशीत शेपू सोडला. जन्मात कधी तोंडाला लावला नव्हता. तुमचंबी तसंच काही नाही ना?”

“नाही. कॉफी आवडायची मला.”

“मग खरंच सोडलीत म्हणायची.”

“चुकून सुटली,” मनमोहनराव म्हणाले. “हातात होती, म्हणून पुढे केली. केळं असतं तर केळं सुटलं असतं. बायकोचा विचारसुद्धा मनात नव्हता.”

आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. मालनताईंना वाटलं नसावं. शाळेत त्यांनी बऱ्याच कबुल्या ऐकल्या असणार.

“मुलाला माहीत आहे हे?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगताय?” त्या म्हणाल्या, आणि टेबलाला धरून हळूहळू उठल्या. “मी आज रात्रीच्या गाडीनं परत चालले.”

दुकानाबाहेर फोटो झाले. बंगळूरच्या मुलीला मनमोहनरावांबरोबर वेगळा हवा होता, तोही झाला. पाहुणे आपापल्या दिशेने गेले आणि बापलेक पोर्तुगीज चर्चच्या बाजूला टॅक्सी बघत चालू लागले. विहंग खुशीत होता. बंगळूरचा ग्रुप पुढच्या महिन्यात आणखी आठ जणांना पाठवणार होता.

“विहंग, ती गोष्ट पुढच्या वेळेपासून सांगू नकोस.”

“कुठली? एरंडेलाची? काकाला कळलंय का?”

“कॉफीची.”

विहंग चालता चालता त्यांच्याकडे बघू लागला. “का? तुम्हाला त्रास होतो का पपा? आधी बोलायचं ना. सॉरी. मला वाटलं, तुम्हाला बरं वाटतं.”

“त्रास होत नाही. तोच प्रॉब्लेम आहे,” मनमोहनराव म्हणाले. मग त्यांनी सांगून टाकलं, दुकानांच्या पाट्यांकडे बघत, कंपनीत अहवाल वाचून दाखवायचे त्या आवाजात. वडापाव सांगितले. पाणी विचारलं ते सांगितलं. फोटोचं सांगितलं. “आणि काशीला मी तिच्यासाठी काही सोडलं नाही. गुरुजी ओरडले, हातात कॉफी होती, ती दिली. मला काही वाटत नव्हतं तेव्हा. अजूनही वाटत नाही. हे तुला वाईट वाटेल, पण लोक मला हात जोडतात, ते बरोबर नाही.”

विहंग चालायचा थांबला. एक रिकामी टॅक्सी आली, हळू झाली, आणि कोणी हात करत नाही बघून पुढे गेली.

“पपा, तुम्हाला खरंच आठवत नाही?” शेवटी त्याने विचारलं.

“काय?”

“मी घाटावर तुमच्या मागच्या पायरीवर होतो. गुरुजी उठले, तसे तुम्ही उठलात. मला वाटलं बाथरूमला चाललात. तुम्ही वर त्या कॉफीच्या मशीनवाल्याकडे गेलात आणि दोन कुल्हड घेऊन खाली आलात.”

“दोन?”

“दोन. मला वाटलं, एक माझ्यासाठी. मी हातसुद्धा पुढे केला. पण तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. जिथे बसला होता, त्याच्या डाव्या बाजूची पायरी तुम्ही रुमालाने पुसलीत. नीट, कोपऱ्यापर्यंत. आणि एक कुल्हड तिथे ठेवलात. दुसरा हातात राहिला, तो गुरुजींनी बघितला.”

मनमोहनरावांनी आठवून पाहिलं. पायरी आठवली, नदी आठवली, गुरुजींचा ओला पंचा आठवला. बाकी काही हाताला लागेना.

“तू ओरडला नाहीस मला?”

“काय ओरडणार?” विहंग म्हणाला.

“हे त्या लोकांना कधी सांगितलं नाहीस.”

“हे नाही सांगत. कोणालाच नाही. दर्शनालाही नाही.” दर्शना त्याची बायको. तिच्यापासून विहंगच्या पोटात काही राहत नाही, हे सगळ्या ठाकूरद्वारला माहीत होतं. “ते बाहेरचं लोकांना सांगतो, पोट आहे ते माझं. हे घरातलं आहे.”

शेजारून एक बाई भाजीची पिशवी सांभाळत, ‘बाजूला व्हा ना काका’ म्हणत गेली. मनमोहनराव बाजूला झाले नाहीत. तिलाच फुटपाथवरून खाली उतरावं लागलं.

“मग तो कप?” त्यांनी विचारलं. “तिथेच राहिला?”

“नाही.” विहंगने मान खाली घातली. अडतीस वर्षांचा तो दांडगा माणूस एकदम शाळकरी पोरासारखा दिसला. “तुम्ही सगळे वर गेलात तेव्हा मी प्यायलो. टाकवेना मला. पार गार झाली होती.”

“साखर होती?”

“नव्हती. आई घ्यायची तशीच. एकीत नको म्हणून तुम्ही त्या माणसाला दोनदा सांगत होता, वरून आवाज येत होता तुमचा.”

 मग मनमोहनरावांनी जो प्रश्न विचारला, तो गेल्या चाळीस वर्षांत प्रत्येक नव्या गावात पहिल्या घोटानंतर त्यांना विचारला गेला होता. फक्त विचारणारं माणूस दुसरं असे.

“कशी होती?”

“बेकार, पपा,” विहंग म्हणाला. “जळकी. नुसता फेस. आईने एका घोटात परत केली असती.”

“आणि त्या माणसाला शिकवून आली असती.”

“वर जाऊन. मशीनच्या मागे.”

मनमोहनराव हसले. हसता हसता त्यांना वासंती दिसली, पदर खोचून त्या माणसाच्या मशीनमागे उभी. तिची आठवण आली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा आली, आणि अशी आली की त्यांना बंद दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. पायरी फार मळलेली होती. विहंगने खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, तसा तो तसाच त्यांच्या शेजारी बसला. भर बाराच्या उन्हात एकाहत्तर वर्षांचा एक माणूस मोठ्याने रडतो आहे, हे बघून येणारे-जाणारे जरा कडेने जाऊ लागले.